आकाराम हवालदार बायकांत जाऊन बसले

आमच्या कडेगावच्या बाजूला एखाद्याची बायको वारली की त्याचं सांत्वन करायची ठरलेली रीत होती. बायका घरात एकमेकींच्या गळ्यात पडून हेल काढून रडत आणि पुरुष अंगणात घोंगड्यावर बसून उसाच्या तोडीबद्दल बोलत. ज्याची बायको गेली त्याच्याकडे बघायचं नाही, गेलेलीचं नाव काढायचं नाही. तंबाखू मात्र आधी त्याच्यापुढे करायची. एवढ्यावर मोठमोठी दुःखं निभावून नेलेली माणसं होती आमच्याकडे.

सत्त्याहत्तर साली आकाराम हवालदारांची मनुबाई काविळीनं गेली. हवालदार फौजेत उमेदीची सगळी वर्षं काढून, एकाहत्तरची लढाई करून आलेले. त्यांच्या डोळ्यांत पाणी येईल अशी शंका घेणंही गावाला अपमानाचं वाटलं असतं. ते आलंही नाही. फक्त ते जेवेनात आणि झोपेनात. शेजारचं ताट पुन्हा तसंच परत गेलं तेव्हा अंगणात सगळ्यांनी समाधानानं माना हलवल्या.

"गडी खंबीर हाय," त्यांचे धाकटे चुलतभाऊ लालासाहेब म्हणाले. लालासाहेब सोसायटीचे चेअरमन, त्यामुळे दुःखातलंही त्यांनाच कळत असे.

पाचव्या दिवशी मीही घोंगड्यावर होतो. मास्तर म्हणून मला पाण्याच्या पाळीबद्दल मत विचारलं गेलं आणि मी ते दिलं. आतून हवालदारांच्या थोरल्या भावजयीचा, राहीबाईंचा आवाज येत होता.

"बैल हिरीत पडला गं माजे बाई, एकटीनं कासरा धरलास... लढाईच्या टायमाला रोज सांजचं फाट्यावर हुबी ऱ्हायचीस गं..."

हवालदार उठले आणि उंबरा ओलांडून सरळ बायकांच्या मधोमध जाऊन बसले. रडणं जागच्या जागी थांबलं. पदर सावरले गेले.

"वैनी, फाट्यावर कशाला जायाची ती? मला कुनी बोललं न्हाई."

"तुमी सुट्टीला आलासा की म्हनायची, त्यास्नी सांगू नगा. यष्टीतनं कुनी फौजी उतरला की इचारायची, आमचं मानूस दिसलं का म्हनून. जशी काय फौज म्हंजी कडेगावचा बाजार!"

हवालदार हसले. हसता हसता त्यांचा चेहराच मोडला आणि ते मोठ्यानं रडू लागले.

अंगणात एकदम धांदल उडाली. कुणी बाधा म्हणालं, कुणी डोक्यात गेलंय म्हणालं. शेजारच्या गावच्या देवऋषाला आणायला सायकल पिटाळली गेली. लालासाहेब दारात जाऊन उभे राहिले.

"आवं दादा, भाईर या. मानसं काय म्हनत्याली?"

"तुजी वैनी मेलीया, लाला. उसाचं उद्या बोल."

मग हवालदारांनी राहीबाईंकडे भाकरी मागितली. ती खाऊन तिथंच भिंतीला टेकून झोपले. राहीबाईंनी अंगावर वाकळ टाकली. देवऋषी आला तेव्हा ते घोरत होते. त्यानं लांबूनच अंगारा फुंकला आणि उतरलं म्हणून सांगितलं. गाव अजून त्याचाच गुण मानतं.

दिवस कलला, माणसं पांगली. हवालदार बाहेर येऊन घोंगड्यावर बसले. मी चपला शोधत होतो. लालासाहेब मात्र रेंगाळले होते. त्यांनी गोठ्याकडे बघत तंबाखूची चंची पुढे केली.

"दादा, ते फाट्यावरचं... एकदा मीच वैनीला तितनं घरी आनलं हुतं. लय थंडी पडली हुती."

"मग मला बोलला न्हाईस कवा?"

"कसं बोलायचं?" लालासाहेब म्हणाले. त्यांना ते खरंच माहीत नव्हतं.

हवालदारांनी चंची बाजूला ठेवली आणि घोंगड्यावर सरकून जागा केली.

"बस. आता बोल."

सोसायटीच्या सभेत तासन् तास बोलणारा हा माणूस, त्याला पहिलं वाक्य सापडेना. घसा दोनदा खाकरून झाला.

"वैनी लय चिडली हुती माज्यावर," ते म्हणाले. "यष्टी अजून यायची हाय म्हनत हुती..."