चेपलेल्या गाड्यांचा जाणकार

भीमपूरच्या रस्त्याला गाड्यांचे पोचे काढणारा एक जण बसतो. दिवसभर पत्रा ठोकून सरळ करतो आणि हात रिकामा झाला की मोबाइलवर गाड्या फोडायचा खेळ खेळतो. त्यात शर्यत नसतेच. धडका देत शेवटपर्यंत टिकायचं. धडक बसली की हा खेळ थांबवतो आणि चेपलेली गाडी बोटांनी मोठी करून न्याहाळत बसतो. अशा माणसाचा मला भरवसा वाटेना. उभ्या गाड्यांना हाच गुपचूप पोचे पाडत असेल, असंही मनात आलं.

परवा माझीच गाडी त्याच्याकडे न्यावी लागली.

"बैलानं धडक देली," मी म्हणालो.

त्यानं डिक्कीवरून अंगठा फिरवला. "बैलाचं शिंग टोचते, सर. हे तं आडवं दबलं हाय. तुमी रिव्हर्स घेऊन राह्यले होते."

मग पोच्यातला निळा रंग त्यानं नखानं खरवडला. "विहाराचं निळं फाटक कालच सरळ करून आलो. कोनं वाकोलं, कमिटीवाले इचारून राह्यले."

त्या कमिटीचा सचिव मीच. विचारणाऱ्यांत सगळ्यात मोठा आवाजही माझाच होता.

त्यानं हातोडा उचलला.

"पुन्हा इचारलं तं बैल सांगू काय, सर?"