उलटं चढणारं पाणी

“नो शू ऑन बेड! बाबा, नो शू ऑन बेड!” क्ष-किरणांच्या टेबलावरून माझी तीन वर्षांची ईरा अशी किंचाळत होती, की आखातातल्या फिंतासच्या किनाऱ्यावरचे पक्षी एका दमात इराण गाठून मोकळे झाले असावेत. धुळीने तांबूस झालेली दुपार काचेला चिकटली होती आणि आत जंतुनाशकाच्या वासाचा थिजलेला गारवा होता. नळीतून तिच्या मूत्राशयात औषधी द्रव भरला होता. तिने तिथेच, आडवं पडून लघवी केली, तरच ते पाणी खाली उतरतं की उलटं मूत्रपिंडाकडे चढतं, हे पडद्यावर दिसणार होतं. आणि आम्ही तर शंभर युगं तपश्चर्या करून तिला एकच धर्म शिकवला होता: गादीवर शू करायची नाही!

माझ्या मनात किल्मिष शिरलं होतं ते त्याआधीच, नोंदणीच्या खिडकीशी. कणकवलीच्या परब सिस्टरांनी वयापाठोपाठ वंश विचारला. वाण्याच्या तराजूखाली वाकून पाहणाऱ्या घराण्यातला मी. लघवीला कसला आलाय वंश? इजिप्तच्या डॉक्टरांनी सौम्यपणे समजावलं, की काही वंशांच्या मुलांत हा विकार अधिक आढळतो, काहींत कमी. कोवळ्या वयात जास्त दिसतो आणि मूल वाढतं तसा बहुधा आपोआप मावळतो. ‘बहुधा’ म्हणजे कोणाची मुलं मोजून, असं मी विचारताच ते चष्मा पुसू लागले. त्या दिवसापासून चष्मा पुसणाऱ्या माणसावर माझा काडीचा विश्वास नाही. ईराला नुसती वाट पाहणं पुरेल की शस्त्रक्रिया लागेल, हे सारं त्या एका ‘बहुधा’ला टांगलं होतं.

शेवटी स्मिता, माझी बायको, लेकीच्या कानाशी वाकून “शूऽऽ” करू लागली. मग फिलिपिनो तंत्रज्ञबाईंनी सूर धरला, मग डॉक्टरांनी, त्यांच्या आईकडून आलेला असावा असा, “प्स्सऽऽ”. “अहो, ओठ आवळून काय उभे? करा की तुम्हीही!” स्मिता माझ्यावर खेकसली. मीही केलं. तीन देशांचे झरे त्या गार खोलीत एकाच लयीत झुळझुळले. ईराने आम्हा चौघांकडे संशयाने पाहून घराण्याचं नाव राखलं, आणि मग हळूच, अपराध्यासारखी, सैल झाली.

काळ्या पडद्यावर एक पांढरी रेघ डावीकडून वर सरकली. उन्हाळ्यात वेलीने भिंत चाचपावी तशी, जराशीच.

“वय लहान आहे. वाट पाहू,” डॉक्टर म्हणाले.

झोपलेल्या ईराला खांद्यावर घेऊन मी पुन्हा खिडकीशी गेलो. तिचा उबदार श्वास मानेवर येत होता. वयाचा रकाना मला आता देवासारखा वाटत होता. वंशाच्या रकान्याची मात्र धाकधूक होती.

“सिस्टर, वंशापुढे शेवटी काय लिहिलंत?”

त्यांनी मान वर केली नाही.

“‘इतर’.”