मथुराबाई आणि हौदाची शिडी

दारव्ह्याच्या एका जिनमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, आगीच्या भीतीनं बांधलेला पाण्याचा हौद होता. जमिनीच्या वर, विटा-चुन्याचा, उंच माणसाच्याही डोक्यावर जाईल एवढ्या भिंतींचा. भिंतीवर मांड टाकून बसल्यासारखी एक दुहेरी लाकडी शिडी होती; तिथली माणसं तिला निसनी म्हणत. एका अंगानं बाहेरून चढायचं, दुसऱ्या अंगानं आत पाण्यात उतरायचं. माथ्यावर दोन्ही अंगं लोखंडी खिळीनं जोडलेली.

जिनमधून उडणारी रुई त्या पाण्यावर साचायची आणि कुजायची. ती टोपल्यानं काढायचं काम मथुराबाईकडे आणि तिची जोडीदारीण रुपीबाई हिच्याकडे होतं. रुपीबाई बंजाऱ्यांच्या तांड्यावरून यायची, मथुराबाई गावातल्या बौद्धवस्तीतून. कामाची दोघींनाही तक्रार नव्हती. मथुराबाईचं सगळं भांडण होतं ते त्या शिडीशी, आणि शिडीपेक्षा जास्त मुकादम गुलाबसिंगशी.

आतली पायरी पहिल्यांदा मोडली तेव्हा मथुराबाईची नडगी सोलून निघाली. लंगडतच ती मुकादमासमोर जाऊन उभी राहिली.

"मुकादम, निसनीची पायरी गेली. सुताराले बोलवा."

"पाहू," गुलाबसिंग म्हणाला. हा त्याचा ठरलेला शब्द. मग त्यानं मोडक्या पायरीला काथ्या गुंडाळून दिला. काथ्या पाण्यात भिजला, सैल झाला आणि आठवड्याच्या आत गळून पडला. मग खोक्याची फळी ठोकली. फळीचा खिळा वर आला आणि रुपीबाईचा घागरा टरकन फाटला. रुपीबाईनं तांड्याच्या गोरबोलीत मुकादमाचा उद्धार केला. तोही तांड्यावरचाच, त्याला शब्दन् शब्द कळला, तरी तो हसला.

त्यानंतर माथ्यावरची खिळी गंजून तुटली. तिच्या जागी गुलाबसिंगनं तार पिरगाळली.

"तारेवर माणूस उभं राह्यते काय?" मथुराबाईनं विचारलं.

"तू काय हत्तीण हायेस? हंगाम संपू दे, मंग पाहू."

घरी तिचा नवरा भीमराज ऐकून ऐकून कंटाळला होता. "दुसरं काम पाह्य ना तू."

"माह्यं काम चांगलं हाय. निसनी वाईट हाय. मी काहून जाऊ? निसनीनं जावं!"

नागपूरला दीक्षा घेऊन आल्यापासून मथुराबाईनं मान खाली घालून 'हो जी' म्हणणं सोडलं होतं. पण मान वर करून बोललं तरी शिडी काही दुरुस्त होत नव्हती, आणि याचाच तिला जास्त संताप यायचा.

चैत्रातल्या एका दुपारी आवारातल्या कापसाच्या गंजीनं पेट घेतला. कोणाच्या बिडीनं, ते शेवटपर्यंत कळलं नाही. माणसं बादल्या घेऊन हौदाकडे धावली. उन्हाळ्यामुळे पाणी खाली गेलेलं, भिंतीवरून बादली पोचेना. कोणीतरी आत उतरणं भाग होतं. मथुराबाईनं लुगडं खोचलं, भरभर वर चढली आणि आतल्या पायरीवर पाय ठेवला. तार सटकली. शिडीचं आतलं अंग तिच्यासकट पाण्यात कोसळलं.

ती उठली. कोपरातून रक्त येत होतं. मागोमाग चढलेली रुपीबाई भिंतीवर पाय टाकून बसली होती, ती ओरडली, "लागलं काय वं?"

"मंग सांगतो! बादली दे!"

कमरेएवढ्या पाण्यात उभी राहून मथुराबाई बादल्या भरून वर उचलत राहिली आणि रुपीबाई ओढून खालच्या माणसांकडे देत राहिली. अर्धी गंजी जळाली, पण आग विझली. रुपीबाईचे हात गळून गेले होते. तिला माणसांनी खाली उतरवलं. सगळे धुमसणाऱ्या ढिगाकडे पळाले.

मथुराबाई हौदातच राहिली. भिंत शेवाळानं गुळगुळीत, हात पोचत नव्हता. हाका मारून घसा बसला. बाहेर सगळे एकमेकांच्या शौर्याचं वर्णन करत होते. अखेर रुपीबाईच्याच ध्यानात आलं. "अरे, मथुरा कुठी हाय?"

गुलाबसिंग दोर घेऊन आला. चौघांनी भिंतीवरून डोकी काढली. "धर, मथुराबाई. ओढतो तुले."

तिनं दोराकडे पाहिलं आणि हात मागे बांधले. "नाई येत मी."

"काहून?"

"तुमी मले ओढून काढान, अन् उद्या निसनी तशीच राहीन. निसनी नीट करा. तिच्यावरूनच येईन."

"येडी झाली काय? पाण्यात बसशीन रातभर?"

"पाहू," मथुराबाई म्हणाली.

बाहेर हसू फुटलं. गुलाबसिंग रागावला, मग विनवू लागला, मग पुन्हा रागावला. जिनचे मालक शेठ जळालेला माल पाहायला येणार होते, आणि हौदात एक बाई उभी असलेली त्यांना दिसली असती. शेवटी त्यानं बाजारातून धावजी सुताराला बोलावून आणलं. पाण्यात पडलेलं अंग गळ टाकून वर ओढलं. धावजीनं ते उलटंपालटं केलं आणि मुकादमाकडे पाहिलं. "याच्यावर माणसं चढवत होते तुमी?"

गुलाबसिंगनं तोंड फिरवून दोर गुंडाळायला घेतला.

धावजीनं सडक्या पायऱ्या काढून सागाच्या बसवल्या. लोहाराकडून जाड खिळी आणली. शिडीचे पाय घसरू नयेत म्हणून खाली टायरचे तुकडे ठोकले. आत मथुराबाई थंडीनं कुडकुडत होती. रुपीबाईनं बाहेरच्या अंगावर चढून चहाची किटली दोरीनं खाली सोडली.

"आता तरी निघ ना वं," ती हळूच म्हणाली. "ओठ निळे पडले तुहे."

"झालं काय त्याचं?"

"होऊन राह्यलं."

"मंग मीबी होऊन राह्यली."

दिवस कलताना शिडी लागली. मथुराबाई एकेका पायरीवर दोन्ही पाय ठेवून, दणका देऊन पाहत वर आली. भिंतीवर पोचल्यावर मात्र तिला रडू फुटलं. अंगात बळच उरलं नव्हतं. रुपीबाईनं तिला धरून उतरवलं आणि ओल्या लुगड्यावरून स्वतःची ओढणी गुंडाळली.

तीन दिवस तापानं फणफणून मथुराबाई कामावर परतली, तर हौदाला शिडी नव्हती.

"कुठी गेली?"

गुलाबसिंग खाकरला. "शेठच्या बंगल्याले चुना लावून राह्यले. चांगली मजबूत निसनी हाय म्हणून नेली."

मथुराबाई रुपीबाईला घेऊन थेट बंगल्यावर गेली. चुनेवाल्याला खाली उतरायला लावलं. शिडी मिटली, दोघींनी दोन टोकांना खांदा दिला आणि चुन्याचे शिंतोडे उडालेली ती शिडी भर बाजारातून जिनमध्ये आणली. वाटेत लोक विचारत होते, काय झालं, कुठी नेता. मथुराबाई फक्त म्हणत होती, "सरका बाप्पा, सरका."