नंदीला चारलेली ढेप

माझी नात सध्या कादंबरी लिहिते आहे. कादंबरीत सात डोक्यांचा सर्प आहे, बोलणारी विहीर आहे आणि एक भाकीत आहे: राजकन्येचं आयुष्य धुक्याच्या किल्ल्यात जाईल. म्हणून राजकन्या पळते आहे. बरेच दिवस पळतेच आहे, कारण पुढचं नातीला सुचत नाही. भाकीत खरं ठरलं तर राजकन्या हरली, आणि खोटं ठरलं तर ते घातलं कशाला? शेवट जमला नाही तर सगळी कादंबरी पुसून टाकणार, असं तिने परवा जाहीर केलं. डोळे भरलेले होते.

"आजी, तुले नाई समजणार हे," ती म्हणाली. मी सोलत असलेला लसूण बाजूला ठेवला. नशिबापासून पळण्यात माझ्याएवढा अनुभव तिच्या राजकन्येलाही नव्हता.

माझं माहेर वडनेरचं. लग्नाच्या वयात आले तेव्हा दारी नंदीवाला आला. आईने सुपातून ज्वारी घातली. त्याने ढोलकं वाजवून विचारलं, पोरीचं आयुष्य रेल्वेच्या शिट्टीत जाईल का? नंदीने मान डोलावली. मला सिंदी रेल्वे या स्टेशनाच्या गावचं स्थळ आलंय हे गावभर झालं होतं, म्हणजे नंदीवाल्यालाही ठाऊक असणारच. पण एवढी अक्कल मला कुठली! मी मॅट्रिक झालेली, स्वतःला फार शहाणी समजायचे. रेल्वेची शिट्टी म्हणजे जन्मभराचं रडणं, असं मीच ठरवून टाकलं.

दुसऱ्या दिवशी ओच्यात सरकीची ढेप लपवून मी पारावर गेले. नंदीला ढेप चारली आणि कानात सांगितलं, आता नाही म्हण. तो आणखी जोरात मान हलवू लागला. मी आणखी ढेप दिली.

नंदीवाला विडी ओढत बघत होता. म्हणाला, "खाता खाता मान हालतेच, पोरी. त्याले काऊन विचारून राह्यली?"

मग मी सिंदीचं स्थळच मोडलं आणि रेल्वेपासून लांबच्या गावातला मास्तर केला. शिट्टी सोडा, तिथे एसटीचा हॉर्नही क्वचित ऐकू यायचा. मी नशिबाला हरवून फुगून बसले होते. आणि यांची बदली झाली, सिंदी रेल्वेला. खोली मिळाली ती स्टेशनामागे. भांडी बांधताना मी गळा काढून रडले. हे म्हणाले, बदली झाली, फाशी नाही.

पुढे गाडीच्या शिट्टीवर माझा कुकर चढू लागला, पोरं शाळेला निघू लागली. मोडलेल्या स्थळाची बायको माझी जिवाभावाची मैत्रीण झाली. तो किती घोरतो ते तिच्याकडून कळलं आणि मी मनोमन नंदीला हात जोडले.

नात हसून हसून आडवी झाली. मग उठून म्हणाली, "म्हणजे नंदीच जिंकला ना?"

"शिट्टीत जाईल म्हणला तो. रडत जाईल असं कुठं म्हणला? ते म्या माझ्या मनानं जोडलं."

 ती लॅपटॉप ओढून बसली, ती चहालाही उठली नाही. संध्याकाळी तिने शेवट वाचून दाखवला. राजकन्या पळायची थांबते, आपल्या पायांनी किल्ल्यात शिरते, सगळ्या खिडक्या उघडते आणि विहिरीला गप्पा मारायला बोलावते.

मला फार आवडला. फक्त एक जागा मी बदलायला लावली. राजकन्या सर्पाला जेवू घालताना प्रश्न विचारते. म्हटलं, आधी त्याचं खाणं होऊ दे.