आधी जेवायचं कोणी

कळंबोलीच्या लोखंड बाजारात एका वयस्कर आगरी शेठांची गोदामं आहेत. कंपनीच्या कामानिमित्त मी त्यांच्याकडे नेहमी जातो. व्यवहाराचं बोलण्याआधी ते समोरच्याला घरी जेवायला नेतात. मी एकदा कारण विचारलं.

"आमची मिठागरं कागदावरच्या एका अंगठ्यानं गेली," ते म्हणाले. "तवापासून आमी आदी मानूस बघतो, मंग कागद."

गेल्या महिन्यात आमचे तरुण कोरियन साहेब गोदाम भाड्याने घ्यायला आले. ताटात तांदळाची भाकरी आणि जिताडा माशाचं कालवण वाढलं, पण कोणीच हात लावेना. पाहुण्याआधी शेठ कधी जेवत नाहीत, आणि साहेबांच्या देशात वडीलधाऱ्यांनी सुरुवात केल्याशिवाय धाकटे जेवत नाहीत. कालवण निवत चाललं. व्यवहार इथेच फिसकटतो की काय, असं मला वाटलं. शेवटी मी दोघांना एकमेकांची रीत समजावून सांगितली.

शेठांनी साहेबांकडे पाहिलं. "पोराला वळण हाय," म्हणाले आणि पहिला घास स्वतः घेतला. साहेबांनी मान लववली आणि तेही जेवू लागले.

हात धुताना मी हळूच गोदामाचं विचारलं.

"ते मगाशीच दिलं ना," ते म्हणाले. "तुमाला समजलं नाय?"