गच्चीवरच्या कुरडया
गव्हाचा चीक शिजायला लागला, की त्या आंबूस वासानं मला नव्वदच्या दशकातली विश्रामबागेतली एक गच्ची आठवते. सांगलीच्या पेठेतल्या आमच्या दोन खोल्यांत ऊन फिरकायचं नाही. त्यामुळं विश्रामबागेतलं ते घर बघायला गेलो, तेव्हा आई थेट गच्चीवर गेली आणि खाली यायलाच तयार होईना. घर मनात भरलं होतं, पण पेठेतल्या खोल्या विकल्याशिवाय ते घेणं जमणार नव्हतं आणि त्यांना गिऱ्हाईक मिळत नव्हतं. घरमालक लष्करातून निवृत्त झालेले सुभेदार. "बघू थोडं दिवस," एवढंच ते म्हणाले. आठवडाभरानं आईनं चीक शिजवला, पातेलं गोधडीत गुंडाळलं आणि मला घेऊन रिक्षानं त्यांच्याच दारात उतरली. "यंदाच्या कुरडया तुमच्या गच्चीवर घालू का?" मला लाजेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं. मालकीणबाईंनी मात्र हसत जुनं लुगडं अंथरून दिलं. ऊन पलीकडं होतं, तरी आईनं पहिली ओळ जिन्याच्या तोंडाशीच घातली. तेवढ्यात घराला दुसरं गिऱ्हाईक आलं, तेही लगेच व्यवहार करायला तयार. सुभेदार त्याला घेऊन जिना चढले आणि कुरडया बघून वरच्या पायरीवरच थांबले. "आवं, या ताईंचं वाळवण पडलंय हितं. आता घर कसं दावू तुमास्नी?" मग आईकडं वळून म्हणाले, "तुमच्या खोल्या विकतील तवा विकतील. उद्या कुरडया उलटाय मातुर येळेवर या." आता ती गच्ची माझी आहे. अजूनही पहिली ओळ मी जिन्याच्या तोंडाशीच घालते.