एक्केचाळीस नंबरचा कोट

काउंटरवर उभं राहून ताईनं एकच गोष्ट मागितली. एक्केचाळीस नंबरचा रेनकोट.

"बाई, कोट सगळे सारखेच," मॅनेजर मान वर न करता म्हणाला. मग आवाज ओळखला असणार. वर बघितलं आणि गळ्यातली शिट्टी उगाच चाचपली. "तू? तू इथं काय करतेस?"

"तिकीट काढलंय. धबधबा बघायला आलेय. आणि आता मी गिऱ्हाईक आहे, तेव्हा 'तुम्ही' म्हणायचं."

मागे धाकटी बहीण उभी होती. तिला हसूही येत होतं आणि भीतीही वाटत होती. तिच्या शेजारी तिची लेक, आणि मागे रांगेत पंधरा-वीस माणसं. मॅनेजरनं खुंट्या चाळल्या, कोट काढला आणि फेकल्यासारखा पुढे टाकला. ताईनं तो उचललाच नाही.

"गिऱ्हाइकाला कोट घालून द्यायचा असतो. एकोणीस वर्षं मी तेच केलं."

रांग बघत होती म्हणून तो बाहेर आला. त्यानं कोट धरला. ताईनं सावकाश एक बाही घातली, मग दुसरी. घालता घालता खांद्यामागे बोट फिरवून बघितलं. ठिगळ होतं. तसंच होतं.

"बटणं राहिली," ताई म्हणाली.

सात बटणं. शेवटच्या बटणाला मॅनेजरला वाकावं लागलं. ताईनं वरून त्याच्या टकलाकडे असं बघितलं की धाकटीला वाटलं, झालं, आता हिचं समाधान झालं, आता घरी चला. पण कसलं समाधान. ही तर सुरुवात होती.

ताई म्हणजे डूख धरणारी बाई, हे सांगायलाच पाहिजे. शेजारणीनं एकदा बादली नेली आणि परत दिली नाही, तर पुढची सहा वर्षं तिच्या दारावरून जाताना ताई मोठ्यानं विचारायची, "माझी बादली बरी आहे ना?" शेवटी शेजारीण घर बदलून गेली. बादली ठेवून गेली.

नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही, धाकटीच्या घरात मागच्या खोलीत राहायची. धबधब्याच्या दाराशी रेनकोट देण्याचं काम. कोट द्यायचे, ओले कोट परत घ्यायचे, धुवायचे, दोरीवर टाकायचे, फाटलेल्यांना ठिगळ लावायचं. काउंटरच्या मागे भिंत आणि भिंतीच्या मागे धबधबा. एकोणीस वर्षांत तिनं तो एकदा पण पाहिला नाही. वर जायला एकशे बारा पायऱ्या, आणि कोट संपले की दिवस संपलेला. सुट्टीच्या दिवशी म्हणायची, "नको गं, रोज त्याचंच पाणी वाळवते मी."

पण काम असं की बोट ठेवायला जागा नाही. कोट उलटा करून दोरीला टांगायची, आत तांब्याभर पाणी ओतायची आणि खाली बसून बघायची थेंब कुठून येतो. जिथून येईल तिथं ठिगळ. ठिगळ कायम गोल कापायची. जुन्या कोटाचं प्लास्टिक, वर पंक्चरचं सोल्युशन, आणि वाटीच्या तळानं दाबून ठेवायचं. धाकटीच्या लेकीला लहानपणीच शिकवलेलं, "कोपरा ठेवला की पाणी कोपऱ्यात नख घालतं. गोलाला नख कुठं घालणार?"

आणि मग ती पाच महिन्यांपूर्वीची गोष्ट. ताई दोन दिवस तापानं घरी होती. मॅनेजरनं स्वतःच ठिगळं लावली. कात्रीनं चौकोन कापले, चिकटवले, पाणी ओतून काही बघितलं नाही, आणि कोट तपासलेल्या कोटांच्या खुंट्यांवर अडकवून टाकले. ताई तिसऱ्या दिवशी कामावर आली. तपासलेल्या खुंटीवरचा कोट म्हणजे तपासलेला, तिनं दिला. घेणारी कुठल्या तरी मोठ्या अधिकाऱ्याची बायको होती. वर गेली, पाठीतून पाणी आत गेलं, खाली येऊन तिनं आकाशपाताळ एक केलं. ताईनं कोट हातात घेतला आणि बघितलं. एक्केचाळीस नंबर, खांद्यामागे चौकोनी ठिगळ, कोपरा सुटलेला.

ती सांगायला तोंड उघडते तोच मॅनेजर सगळ्या रांगेसमोर ओरडला, "हिनं मुद्दाम फाटका कोट दिला! आळशी आहे, डोळे पण गेलेत!" ताई बोलायला लागली की तो शिट्टी वाजवायचा. ती बोलली, शिट्टी. परत बोलली, परत शिट्टी. मग सुटलेला कोपरा अंगठ्यानं दाबून त्यानं कोट परत खुंटीला अडकवला, आणि त्याच दिवशी तिला कामावरून काढलं. घरी आली तेव्हा हात अजून ओले होते.

त्या दिवसापासून ताईला एकच पाहिजे होतं. त्याच काउंटरवर, तशाच रांगेसमोर, ते ठिगळ माझं नाही हे त्याच्या तोंडून निघालं पाहिजे. बाकी काही नको. काउंटरवर ठेवलेल्या नव्या बाईची सुट्टी कधी असते, ते तिनं लांबून विचारून काढलं, म्हणजे मॅनेजर स्वतः काउंटरला असेल. फिकट निळा ब्लाऊज मुद्दाम घातला, ओल दिसावी म्हणून.

एकशे बारा पायऱ्या ती दम खात खात चढली. वर कठड्यापाशी तुषार असे येत होते की डोळे उघडवत नव्हते. लोक ओरडत होते, फोटो काढत होते. धाकटीची लेक तर वेडीच झाली. आणि ताई? ताई धबधब्याकडे पाठ करून उभी राहिली.

"मावशी, वळ ना! बघ तरी!"

"आधी पाठ भिजू दे."

"अगं, हात जोडते तुला, एकदा बघ."

"तो काय पळून चाललाय? मला आधी त्या शिट्टीची जिरवायची आहे."

वीस मिनिटं उभी होती. समोर बघत, म्हणजे पायऱ्यांकडे बघत. ओठ निळे पडले तेव्हा धाकटी म्हणाली, "ताई, सोड ना आता. मेलेलं उकरून काय मिळणार तुला?" ताईनं तिच्याकडे फक्त बघितलं. ते बघणं धाकटीला अजून झोपू देत नाही.

खाली आल्यावर ताईनं काउंटरसमोर कोट काढला आणि रांगेकडे पाठ केली. निळ्या ब्लाऊजवर खांद्यामागे तळहाताएवढा गडद डाग. कोट उलटा करून तिनं ठिगळ वर धरलं. दोन कोपरे सुटून लोंबत होते.

"हे कुणाचं?"

"ठिगळाला काय नाव असतं?" मॅनेजर हसला. "तूच लावलेलं असणार. एकोणीस वर्षं तूच लावत होतीस ना?"

"माझ्या ठिगळाला कोपरे असतात? सांग सगळ्यांना. असतात?"

त्यानं शिट्टी तोंडात घातली आणि वाजवली. रांग पुढे सरकली. लोकांना वर जायची घाई होती, कोण थांबतंय.

ताईनं उलटा केलेला कोट सुलटा केला. मग कोट परत अंगात घातला. या वेळी बटणं लावायची राहिली. "चल," धाकटीला म्हणाली, "आता आलोच आहोत तर पाणी बघून येऊ. समोरून."

सतराव्या पायरीवर बसली. म्हणाली, "तुम्ही व्हा पुढे, मी आलेच." भिंतीला डोकं टेकलं. लेकीला वाटलं, दमली. धाकटीनं हात धरला तेव्हा हाताला काही उत्तरच नव्हतं. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, हृदय थांबलं, कुणाच्या हातात नव्हतं.  कुणाच्या हातात होतं ते धाकटीला माहीत होतं.

दवाखान्यातून एका पिशवीत ताईच्या वस्तू मिळाल्या. चपला, चष्मा, निळा ब्लाऊज, कोट.

तीन आठवड्यांनी फोन आला. धबधब्याच्या ऑफिसमधून. "तुमच्याकडून एक रेनकोट परत आलेला नाही. एक्केचाळीस नंबर."

धाकटीनं फोन ठेवला आणि अख्खं घर डोक्यावर घेतलं. जाळते म्हणाली. तुकडे करून त्याच्या तोंडात कोंबते म्हणाली. ती शिट्टी त्याला गिळायला लावते म्हणाली. एवढ्या वर्षांत तिच्या तोंडून शिवी गेली नव्हती, त्या दिवशी सगळ्या गेल्या. लेक घाबरली. मग धाकटीनं पिशवीतून कोट काढला, घडी घातली, आणि म्हणाली, "गर्दीचा दिवस कुठला असतो गं?"

गर्दीच्या दिवशीच गेल्या दोघी. रांगेतून गेल्या, घुसल्या नाहीत. पन्नास-साठ माणसं असतील. काउंटरला नवी बाई होती, आणि तिच्या मागे खुर्चीत मॅनेजर, शिट्टी छातीवर. त्यानं धाकटीला ओळखलं आणि भिंतीकडे बघायला लागला. धाकटीच्या तोंडाशी महिनाभराचं सगळं आलं होतं.  पण ती बोलायच्या आधीच नव्या बाईनं कोट ओढून घेतला, उलटा केला, सवयीनं आतून हात फिरवला आणि कपाळावर हात मारला.

"हे पण साहेबांचंच! बघा, चौकोनी. काय सांगू तुम्हाला, मी यायच्या आधी असली सगळी ठिगळं यांनीच लावून ठेवलीत. रोज दोन-तीन सुटतात आणि मला परत कापून गोल करावी लागतात."

लेकीनं विचारलं, "गोल करायचं कुणी शिकवलं?"

"खाली एक डबा आहे ना, त्यात कापून ठेवलेली होती, गोल. आधीच्या बाईंची. त्यातलं एक पण अजून सुटलेलं नाही."

मॅनेजर खुर्चीतून उठला. शिट्टी ओठांपर्यंत नेली. धाकटीनं त्याच्याकडे बघितलं, ताईसारखं बघितलं, आणि शिट्टी तिथंच राहिली.

"बाई," धाकटी नव्या बाईला म्हणाली, "जरा मोठ्यानं सांगा. पाण्याचा आवाज फार आहे, मागच्यांना ऐकू गेलं नाही."

नव्या बाईला काय माहीत. तिनं कोट वर धरून मोठ्यानं सांगितलं. रांगेच्या टोकाला एक म्हातारे गृहस्थ कानाला हात लावून उभे होते. "कुणाचं म्हणाल्या?" त्यांनी विचारलं.

धाकटी रांगेच्या कडेनं चालत त्यांच्यापर्यंत गेली, आणि त्यांना नीट सांगितलं.